निळ्या कडेचा मग

रंगीत तालीम संपली तेव्हा कोगी टीचरच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. शेवटच्या प्रवेशात ती मोलकरीण व्हायची. डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, अंगात कुणाचा तरी उतरवलेला फ्रॉक आणि हातात निळ्या कडेचा इनॅमलचा मग. तो मग घेऊन ती मागच्या दाराच्या पायरीवर प्रेक्षकांकडे पाठ करून बसायची, दिवे हळूहळू मालवायचे आणि नाटक संपायचं.

"टीचर, आज तुम्ही मला रडवलंत हो," नोकू विंगेतून बाहेर येत म्हणाली. नोकूफिवा हे तिचं पूर्ण नाव. सुपरमार्केटात गल्ल्यावर बसणारी ही झुलू पोरगी नाटकात मालकीण झाली होती, तीही भारतीय मालकीण. कोगीचीच जांभळी साडी नेसून, कोगीनेच लावून दिलेली टिकली लावून. "पण खरं सांगा, साडीत मी अजून बदकासारखीच चालते ना?"

"बदक बरं गं. परवा पेंग्विन होतीस."

दोघी हसल्या. तीन महिन्यांपूर्वी या दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नव्हत्या.

डर्बनमधल्या बायकांचं नाटक करायचं, ही राबियाची कल्पना. राबिया वाचनालयात नाटकाचा वर्ग घ्यायची. सगळ्या वंशांनी मिळून केलेल्या पहिल्या मतदानाला तीन वर्षं होऊन गेली होती. त्या दिवशी गोऱ्या, काळ्या, भारतीय, सगळ्या बायका एकाच रांगेत उन्हात उभ्या राहिल्या होत्या, एकीच्या छत्रीत दुसरी शिरली होती. दुसऱ्या दिवशी मात्र जी ती आपापल्या टेकडीवर परत गेली. "त्या छत्रीचं पुढे काय झालं, ते मला बघायचंय," असं राबियाने वर्गाच्या दारावर लिहून लावलं, आणि चॅट्सवर्थच्या, म्हणजे भारतीयांच्या वस्तीतल्या, सभागृहात बायका जमल्या.

पहिले काही आठवडे नुसती भांडणं झाली. "तुमच्या दुकानात आम्ही शिरलो की मागे माणूस लावता," नोकू म्हणाली. "एकोणपन्नास सालच्या दंगलीत आमच्या बापाचं दुकान जाळलं, ते कुणी?" कोगीने विचारलं. मग दोघी मिळून ग्लेंडाकडे वळल्या. ग्लेंडा गोरी, दिवे सांभाळायला आलेली, निवृत्त ग्रंथपाल. ती बिचारी हात वर करून म्हणायची, "कबूल, कबूल, सगळं आम्हीच केलं. आता तो दिवा डावीकडे हवाय की उजवीकडे?"

राबियाने सगळं ऐकून घेतलं आणि एक नियम केला. जिने जे भोगलं, तिने ते करायचं नाही. दुसरीने करायचं. "स्वतःचं दुःख सगळ्याच झकास करतात," ती म्हणाली. "दुसरीचं करून दाखवा, मग बोलू."

मोलकरणीचं काम कोगीने आपणहून मागून घेतलं होतं. दुकान जळाल्यावर तिची आई बेरियाच्या टेकडीवर एका गोऱ्या बाईकडे कपडे धुवायची. तिला चहा मिळायचा तो जॅमच्या रिकाम्या डब्यात, तोही मागच्या दाराशी.  "मला हे कुणी शिकवायला नको," हे सांगताना कोगी म्हणाली होती. "माझ्या घरी कधी मोलकरीण नव्हती, आणि तसला मगही नव्हता." नाटकातला मग आणला तो तिच्या नणंदेकडून, सॅव्हीकडून. सॅव्हीच्या घरी तो सिंकखालच्या कपाटात, फिनेलच्या बाटलीशेजारी, पालथा पडलेला असायचा.

प्रवेशातलं बोलणं मात्र नोकूच्या आईचं होतं. तिने तीस वर्षं भारतीयांच्या घरी काम केलं होतं. तिच्या एका मालकिणीचं वाक्य नोकूने जसंच्या तसं घेतलं होतं: "एका चहाला अर्धा तास? तुम्हा लोकांच्या अंगातच आळस!"

एकदा तालमीत नोकू ते वाक्य विसरली, तेव्हा चिडून म्हणाली, "जाऊ दे, पहिल्यापासून घेऊ. हे झालंच नाही असं समजा." त्यावर कोगीने तिला खाली बसवलं आणि आपल्या पहिलीतल्या मुलांना सांगायची तेच सांगितलं. बत्तीस वर्षं तिने पहिलीचा वर्ग सांभाळला होता. तिच्या वर्गात खोडरबर नव्हतं. "चूक झाली की खोडायची नाही, बाळा. तशीच राहू द्यायची, आणि शेजारी बरोबर लिहायचं. खोडलं की माणूस तीच चूक परत करतो. दिसत राहिली की नाही करत." तेव्हापासून नोकूची सगळ्यांत आवडती टीचर कोगी झाली होती, फक्त भारतीयांसाठी असलेल्या कोगीच्या शाळेत तिला लहानपणी कुणी पाऊलही टाकू दिलं नसतं तरी.

तर, त्या शनिवारी रंगीत तालमीनंतर घरच्यांना जेवायला बोलावलं होतं. टेबलावर पोकळ केलेल्या पावांत भरलेली बीन्सची झणझणीत आमटी होती, वडे होते, नोकूने आणलेला वाफवलेला मक्याचा पाव होता. कोगीने घरून लग्नातला चहाचा संच आणला होता, गुलाबाच्या फुलांचा. पिवळसर झालेल्या कागदांतून एकेक कप सोडवून तिने नेपथ्यातल्या स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या आकड्यांना टांगला होता. उद्या प्रयोगातही तेच वापरायचे होते.

नोकूची आई उमलाझीहून, काळ्यांच्या वस्तीतून, दोन टॅक्सी बदलून आली होती. तिला सगळे मासिबिया म्हणत. ठेंगणी, रुंद, दोन्ही गुडघ्यांनी कुरकुरणारी म्हातारी. डोक्यावर रविवारी चर्चला घालायची टोपी. कोगी धावत पुढे गेली. तिने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"या, मा, या! किती ऐकलंय तुमच्याबद्दल. नोकू सारखी तुमचीच गाणी गाते."

"नमस्कार, मॅडम," मासिबिया म्हणाली.

"मॅडम नाही हो! कोगी म्हणा. सगळे टीचर म्हणतात, ते तरी म्हणा."

"बरं, मॅडम."

नोकू खुदकन हसली. कोगीही हसली. तिने मासिबियाला खुर्ची पुढे केली, पानात दोन वडे जास्तच वाढले, आणि जेवणं झाल्यावर "चहा माझ्याकडे!" म्हणून पदर खोचून किटलीपाशी गेली.

पाणी उकळत होतं. तिने दाट दूध ओतलं, वेलची ठेचून टाकली. आकड्यांवरून कप काढायला लागली. राबियाला कप. राबियाच्या मुलाला कप. ग्लेंडाला कप, बिनसाखरेचा. नोकूला कप. तोंडाने बोलणं चालूच होतं, की सॅव्ही उद्या देवळातल्या सगळ्या बायका घेऊन येतेय, की पहिल्या रांगेत जागा धरायला हवी. मासिबियाला किती साखर, तेही तिने वळून विचारलं. "दोन, मॅडम." तिने दोन चमचे घातले, वर अर्धा प्रेमाने. ढवळला. दोन्ही हातांनी नेऊन दिला.

मासिबियाने दोन्ही हात पुढे करून तो घेतला, जशी मोठ्यांकडून काही घ्यायची त्यांच्यात रीत आहे. मान किंचित झुकवली. मग ती उठली, शेजारी चांगली गादीची खुर्ची असताना कुरकुरत्या गुडघ्यांनी चालत मागच्या दारापर्यंत गेली, आणि पायरीवर, बाहेर तोंड करून बसली.

खोलीतला आवाज थांबला होता. कोगीला ते आधी कळलंच नाही. ती स्वतःचा कप भरत होती. मग तिला जाणवलं की आपण एकट्याच बोलतोय.

"काय झालं?" तिने विचारलं.

 राबियाच्या हातातला वडा तोंडापर्यंत जाऊन तसाच थांबला होता. नोकू दाराकडे बघत होती. कोगीने तिच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. उंबऱ्यावर मासिबियाची रुंद पाठ होती, टोपी होती, आणि वाफ निघत होती ती निळ्या कडेच्या मगातून.

कोगीने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"कप... कप कमी पडले गं," ती म्हणाली. "म्हणून मी... धुऊन घेतला होता, स्वच्छ धुऊन..."

नोकूने नुसतं बोट उचललं. कोगीच्या पाठीमागे, आकड्यांवर, गुलाबाच्या फुलांचे कप रांगेने लटकत होते. कमीत कमी अर्धा डझन.

ग्लेंडा हलक्या आवाजात म्हणाली, "देवा! पहिल्यांदाच असं झालं की चूक माझी नाही." आणि तिचं तिलाच इतकं वाईट वाटलं, की तिने तोंडावर हात ठेवला.

"नोकू, ऐक," कोगी म्हणाली.  "मला कळलंच नाही. देवाशप्पथ. मी उचलला कधी, तेसुद्धा..."

"तेच तर," नोकू म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "कळून दिला असता ना टीचर, तर मी भांडले असते. तीन महिने तुम्ही तो मग हातात धरून रडताय. तीन महिने! आणि तुमच्या हाताला एवढंही नाही कळलं?"

मासिबियाचा चहा संपायला बराच वेळ लागला. ती उठून बाहेरच्या नळाशी गेली. पाण्याचा आवाज आला. मग ती आत आली, सिंकखालचं कपाट उघडलं, आणि धुतलेला मग तिथे पालथा ठेवला. फिनेलच्या बाटलीशेजारी. या सभागृहात ती आयुष्यात पहिल्यांदा आली होती. तो मग कुठे ठेवायचा, हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

"छान झाला होता चहा, मॅडम," ती म्हणाली. "वेलची होती."

राबिया मट्‌कन खुर्चीत बसली.  नोकूने आईची पिशवी उचलली.

"उद्या मी येणार नाही," ती म्हणाली.

"नोकू!"

"नाही, येईन. पण ते लिहिलेलं नाही करणार. त्या कुठल्यातरी बिननावाच्या मालकिणीला सगळे नावं ठेवतील आणि घरी जातील. मी हे करणार. आत्ताचं. मी कोगी टीचर होणार, आणि टीचर माझी आई होणार. नावासकट. तसं होणार असेल तर मी येते, नाहीतर नाटक तुमचं तुम्ही करा."

राबियाने कोगीकडे पाहिलं. "टीचर, हे तुमच्या होकाराशिवाय व्हायचं नाही. उद्या तुमची सगळी गल्ली समोर असेल. तुम्ही शिकवलेली अर्धी वस्ती."

"उद्या सांगते," कोगी कसंबसं म्हणाली.

"उद्या कशाला?" नोकू दारातून म्हणाली. "खोडायला वेळ हवाय?"

रविवारी सकाळी सॅव्हीचा फोन आला. "वहिनी, मी बावीस तिकिटं घेतलीत! पुजारीबुवांची बायकोपण येतेय. आणि तो माझा मग नीट परत आण हं, नाहीतर आमच्या बाईला चहा कशात देऊ?"

कोगीने फोन ठेवला.  तिला आईचा जॅमचा डबा आठवत होता. आई तो कसा धरायची, ते आठवत होतं. आणि आपण इतकी वर्षं तो डबा किती अभिमानाने मिरवला, तेही. जणू आईने तो एकदा हातात घेतला म्हणजे आपल्या सात पिढ्यांचे हात धुऊन निघाले. नाही म्हणायचं सोपं होतं. तब्येत बरी नाही, एवढं सांगितलं की झालं. या वयात कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता.

दुपारी ती सभागृहात पोचली तेव्हा नोकू रंगभूषेच्या आरशासमोर बसली होती. जांभळी साडी नव्हती. साधी करडी साडी, वर बटणांचं स्वेटर, केसांचा आंबाडा. कोगी रोज जशी यायची तशी. बाजूला मासिबियाची चर्चची टोपी ठेवली होती.

आरशातूनच तिने कोगीकडे पाहिलं. "मला चष्मा लागेल," ती म्हणाली.

कोगीचा चष्मा साखळीने गळ्यात असायचा. तो वर्गातल्या मुलांना तिच्या चेहऱ्यापेक्षाही जास्त ओळखीचा होता. तिने साखळी डोक्यावरून काढली, चष्मा पदराने पुसला, आणि नोकूच्या हातात दिला. मग टोपी उचलून आपल्या डोक्यावर घातली. 

चष्म्याशिवाय कोगीला सभागृह म्हणजे नुसता रंगांचा चिखल दिसत होता. साड्या, टोप्या, चेहरे, सगळं एकात एक मिसळलेलं. नाटक सुरू झालं. आधीचे प्रवेश झाले, बायका हसल्या, एका जागी हुंदकेही आले. मग शेवटचा प्रवेश लागला आणि नोकू किटली घेऊन आत आली. साखळीचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर खोचलेला, एक हात कमरेवर.

"या, मा, या! किती ऐकलंय तुमच्याबद्दल!"

सभागृहात हशा पिकला. "अगं बाई, कोगी टीचर!" कुणीतरी ओरडलं. "हुबेहूब! तो हात बघ!" पोरं शिट्ट्या मारायला लागली. सॅव्हीचा आवाज तर सगळ्यांच्या वर होता: "वहिनी, तुझी जुळी बहीण गं!"

नोकूने कप वाटले. राबियाला, मुलाला, आकड्यांवरून एकेक काढत, बोलत, साखर विचारत. लोक हसून लोळत होते. मग तिने वाकून कपाटातून निळ्या कडेचा मग काढला, त्यात चहा ओतला, अडीच चमचे साखर घातली, आणि दोन्ही हातांनी, अगदी प्रेमाने, कोगीपुढे धरला.

हसू एकदम नाही थांबलं. मागच्या रांगा अजून हसतच होत्या. पुढच्या रांगेतून एक म्हातारा, सवयीने बोलणारा आवाज आला, "अगं, कप टांगलेत की तिथे!" मग ज्यांना समजलं त्यांनी शेजारणीला कोपर मारलं, आणि शांतता पुढून मागे सरकत गेली, दिवे मालवत जावेत तशी.

कोगीने दोन्ही हात पुढे करून मग घेतला.

आणि तिला चटका बसला.

तीन महिने ती रिकाम्या मगावर तालीम करत होती. आज त्यात उकळता चहा होता. इनॅमलचा पत्रा सगळा तापला होता, कान तापला होता, कड तापली होती. टाकता येत नव्हता, धरवत नव्हता. ती कशीबशी पायरीपर्यंत गेली, पाठ करून बसली. मग ओठांना लावला आणि झटकन मागे घेतला. कड ओठाला चिकटलीच जवळजवळ. कपातला चहा केव्हाच पिऊन होतो. हा निवायलाच हवा. पत्र्याची कड निवेपर्यंत नुसतं बसून राहायचं, दुसरं काहीच करता येत नाही.

पाठीमागून नोकूचं वाक्य आलं. कोगीच्या चष्म्यातून, कोगीच्या गोड आवाजात.

"एका चहाला अर्धा तास? तुम्हा लोकांच्या अंगातच आळस!"

 हे वाक्य तिने शेकडो वेळा ऐकलं होतं. आई त्या डब्याशी इतका वेळ का बसायची, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. गोऱ्या बाईने आईला आळशी म्हटलेलं तिने लहानपणी कानांनी ऐकलं होतं, आणि मनातल्या मनात तिलाही ते थोडंसं खरंच वाटलं होतं.

आता दिवे मालवायला हवे होते. मालवेनात. वर ग्लेंडाचा हात दिव्यांच्या कळीवर तसाच राहिला होता, हे नंतर समजलं. प्रकाश तसाच अंगावर पडून होता आणि शेकडो माणसं एका बाईच्या पाठीकडे बघत होती. तिच्या हातातला मग कलला. चहा तिच्या बोटांवर सांडला. ती विव्हळली नाही, पण खांदे हलले.

पहिल्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चष्म्याशिवाय वळून पाहून कोगीला काही दिसलं नसतं. पण आवाज तिने ओळखला. कुरकुरत्या गुडघ्यांवर उभं राहिलेल्या म्हातारीचा, काळजीने भरलेला, अगदी मनापासूनचा आवाज.

"सावकाश, मॅडम! भाजेल तुम्हाला!"

सभागृहात कुणीही हसलं नाही.

कोगी वळली. नोकूही वळली होती. नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा तिने काढून हातात धरला होता. कालपासून पहिल्यांदाच दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. आणि आता कुणी काय बोलायचं, ते दोघींपैकी एकीलाही आठवेना.